आडवाट आणि चौकी



वसंत ऋतूत लोकांनी एकत्र बसून चार विचार ऐकावेत, ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिली. ती आता शहराच्या वेशीत राहिलेली नाही. पौड, पिरंगुटसारख्या गावचा श्रोताही उन्हे कलल्यावर व्याख्यान ऐकायला येऊन बसतो, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. माझ्यासारख्या कामगार कार्यकर्त्याला बोलावले म्हणजे तो वेतनवाढ, कंत्राटी पद्धत, संप यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. संयोजकांचीही होती. परंतु मी विषय निवडला तो व्हिडिओ गेममधल्या मोटारींच्या शर्यतीचा. त्या शर्यतीत रडी खाणाऱ्याला, म्हणजे मधूनच आडवाटेने पुढे जाणाऱ्याला, कसे आवरावे हा आजचा प्रश्न आहे.

काही मंडळी हसली. हसावे, त्यात काही गैर नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की, हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. ज्या गावात एके काळी ऊस आणि भात होता, तिथे आज हजारो तरुण संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. त्यांतले कित्येक जण रात्री घरी जाऊन असल्या शर्यती खेळतात. दुसरी गोष्ट अशी की, माणसाला ठरलेल्या रस्त्यावर कसे ठेवावे, हा प्रश्न खेळापुरता नाही. कारखान्याच्या फाटकावर मी तीस वर्षे हाच प्रश्न पाहत आलो आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. त्यामुळे यंत्रातले बारकावे मला तरुण मित्रांनी चहाच्या टपरीवर समजावून दिले. त्यावरचा विचार मात्र माझा आहे.

प्रथम आडवाट म्हणजे काय ते ठरवू. पौडहून पुण्याला जाणारा एक गडी डांबरी रस्त्याने गेला आणि दुसरा डोंगरावरच्या पायवाटेने लवकर पोचला, तर दुसऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. हुशार म्हणतो. पण दोघांनी आधी ठरवले की, याच रस्त्याने जायचे आणि आधी पोचेल त्याला नारळ, तर तीच पायवाट रडीचा डाव होते. पाऊलवाट तीच, पाय तेच. मधे फक्त एक करार आला. म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, जिथे करार नाही तिथे रडीही नाही.

हे खेळ तयार करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९९२ साली ‘सुपर मारिओ कार्ट’ नावाचा खेळ काढला. त्यात रस्ता सोडून गवतात गेले की गाडी मंदावते. परंतु वाटेत मिळालेले अळिंबे जवळ असेल, तर काही क्षण भरधाव वेग मिळतो आणि गवत तुडवून वळण वाचवता येते. ही आडवाट कर्त्याने मुद्दाम ठेवलेली आहे. तिची किंमत आहे, आणि ती किंमत मोजणाऱ्या प्रत्येकाला ती खुली आहे. तिला कोणी रडी म्हणत नाही. पुढे १९९६ च्या डिसेंबरात त्याच मालिकेतला ‘मारिओ कार्ट ६४’ हा खेळ आला. त्यातल्या ‘रेनबो रोड’ या मार्गावर खेळाडूंनी एक निराळाच प्रकार शोधून काढला. सुरुवातीच्या उतारावरून कडेला अशी उडी घ्यायची की, गाडी खालच्या पोकळीतून थेट पुष्कळ पुढच्या रस्त्यावर जाऊन पडते. ही वाट कोणी आखली नव्हती, ती भिंतीतली फट होती. आपला प्रश्न या फटींचा आहे.

फटी बुजवण्याची खटपट संगणकाच्याही आधीची आहे. खो-खोचे उदाहरण घ्या. या खेळाला नियमांची चौकट मिळाली ती आपल्या पुण्यातच, १९१४ साली, डेक्कन जिमखान्यावर. पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडे जायचे नाही; जायचेच असेल तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर खो द्यायचा. पळणाऱ्याला मात्र मधून जाण्याची मुभा आहे. हा नियम काढून टाका आणि बघा. पाठलाग करणारा दोन ढांगांत गडी टिपेल आणि खेळातला राम जाईल. आडवाट बंद केली म्हणूनच खो देण्याची कला जन्माला आली. नियम खेळ मारत नाही, तोच खेळ घडवतो, हे पुणेकरांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

परदेशातही हा प्रश्न होता. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुई येथे ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. तीत फ्रेड लोर्झ नावाचा धावपटू पहिला आला. पण वाटेत सुमारे अकरा मैल तो मोटारीत बसून आला होता, हे लगेच उघडकीला आले. त्याच्याऐवजी विजयी ठरलेल्या थॉमस हिक्सला त्याच्या सोबत्यांनी वाटेत कुचल्याचे सत्त्व आणि ब्रँडी पाजली होती. त्या वेळी त्याला मनाई नव्हती. रस्ता न सोडणे म्हणजे सगळा प्रामाणिकपणा नव्हे, एवढे यावरून लक्षात ठेवावे. १९८० साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ ही बाई स्त्रियांत पहिली म्हणून जाहीर झाली. ती शेवटच्या टप्प्यात गर्दीतून आत शिरली होती, असे निष्पन्न झाले. तिचे पद काढून घेतले आणि कॅनडाच्या जॅकलिन गारो यांना मान मिळाला. पण फीत तोडण्याचा तो क्षण, तो जयघोष गारोबाईंना परत कोण देणार? रडीचे खरे नुकसान हे आहे. निकाल मागाहून दुरुस्त होतो, गेलेला क्षण दुरुस्त होत नाही. आज मोठ्या मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याच्या बुटाला वा छातीवरच्या क्रमांकाला एक चकती असते आणि वाटेत ठिकठिकाणी अंथरलेल्या पट्ट्यांवरून तो गेला की नोंद होते. ज्याची मधली नोंद नाही, त्याच्याकडे विचारणा होते.

हीच पट्टी व्हिडिओ गेममध्ये अदृश्य असते. तिला चेकपॉइंट म्हणतात. मी तिला चौकी म्हणेन. मार्गावर अशा अनेक चौक्या आडव्या टाकलेल्या असतात. पहिली, मग दुसरी, मग तिसरी, या क्रमाने गाडी गेली तरच फेरी मोजली जाते. एक चुकली की फेरी बाद. ऐकायला हे सोपे वाटते. पण चौक्या थोड्या असल्या की मधे फटी राहतात, आणि फार दाट केल्या तर धक्का बसून हातभर बाजूला गेलेला प्रामाणिक खेळाडूही बाद होतो. चौकी चुकीच्या जागी असली तर विचारूच नका. २००८ च्या ‘मारिओ कार्ट वी’ मध्ये ‘ग्रम्बल व्होल्कॅनो’ नावाचा ज्वालामुखीचा मार्ग आहे. खेळाडूंनी असे शोधले की, आरंभरेषेजवळच्या एका खडकावर उडी मारून त्याच खडकाभोवती घिरट्या घातल्या, तरी यंत्र पूर्ण फेऱ्या मोजते. तीन फेऱ्यांची शर्यत अर्ध्या मिनिटात संपते! मित्रहो, मस्टरवर सही करून मागच्या दाराने घरी जाणारा गडी आपण पाहिला आहे. त्याचा आणि या गाडीचा प्रकार एकच. चौकी हजेरी मोजते, काम मोजत नाही. मोजणाऱ्याने काय मोजले, त्यावर लबाडीची जागा ठरते.

दुसरा उपाय रस्त्याच्या कडेलाच किंमत लावण्याचा. गवत, वाळू, चिखल असा ठेवायचा की बाहेर गेलेल्याचा वेळच जाईल. आणि फारच बाहेर गेला, तर उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवायचा. मारिओच्या खेळात ढगावर बसलेले एक कासव गळाने गाडी उचलून आणते आणि जागेवर ठेवते. त्यात फटका आहे, पण अपमान नाही. तिसरा उपाय दंडाचा. यंत्र कोपरा कापलेला पाहते आणि खेळाडूच्या वेळेत काही सेकंद वाढवते, किंवा मिळवलेला वेळ परत दे, गाडी हळू चालव, असे सांगते. चौथा उपाय पंचनाम्याचा. खेळाडूने कोणत्या क्षणी कोणते बटण दाबले, हे सगळे नोंदवून ठेवायचे आणि विक्रमाचा दावा आला की ती नोंद तपासायची.

यांतला दंडाचा उपाय सर्वांत सोपा वाटतो, म्हणून त्याचाच वापर फार होतो आणि त्याचीच तक्रारही फार. २०१७ साली ‘ग्रान तुरिस्मो स्पोर्ट’ हा खेळ आला. त्यात यंत्रच दंड करी. पण मागून दुसऱ्याने ढकलल्यामुळे जो बाहेर फेकला गेला त्यालाही कधी कधी दंड होई, म्हणून खेळाडू संतापत. ‘आयरेसिंग’ या २००८ पासून चालू असलेल्या खेळाने निराळी वाट धरली. रस्ता सोडला तर एक गुण, दुसऱ्या गाडीवर जोरात आदळलास तर चार गुण. आणि टक्कर झाली की चूक कोणाची हे यंत्र विचारतच नाही, दोघांच्याही नावावर गुण चढवते. हे वरवर अन्यायाचे दिसते. पण त्यांनी जोडीला एक दार उघडे ठेवले आहे. मुद्दाम आगळीक झाली असे वाटले तर खेळाडू तक्रार गुदरतो, आणि मग ती यंत्र नव्हे, माणसे नोंद पाहून निकालात काढतात. यंत्राने मोजावे, माणसाने न्याय करावा, ही वाटणी मला पटते.

परंतु सर्वांत मोठा धडा खऱ्या मोटारींनी दिला. फॉर्म्युला वन शर्यतीत रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ असते. चारही चाके तिच्या बाहेर गेली की अपराध. २ जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रियातल्या शर्यतीत असे बाराशेहून अधिक संशयित प्रसंग पंचांपुढे आले. बाराशे! शर्यत संपली, विजेत्यांना करंडक मिळाले, आणि मग एका संघाच्या हरकतीनंतर कित्येक तासांनी नवे दंड होऊन निकाल बदलला. जगातले सर्वांत निष्णात चालक एका दुपारी एकदम लबाड झाले काय? नाही. त्या वळणांवर रेघेबाहेरही गुळगुळीत डांबर होते आणि बाहेरून जाणेच वेगाचे होते. रस्ता एक सांगत होता, नियम दुसरे सांगत होता. पुढच्या वर्षी, २०२४ साली, त्यांनी शेवटच्या वळणांवर रेघेपलीकडे खडीचा पट्टा टाकला. खडीत चाक गेले की वेळ जातो. तेवढ्याने तिथले अपराध जवळजवळ संपले. दंड वाढवला नाही, चालकांना नीतीचे प्रवचन दिले नाही. कडेला खडी टाकली.

बंधूंनो, ही खडी माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे. जिथे शंभरातले नव्वद जण नियम मोडतात, तिथे माणसांची चौकशी करण्याआधी रस्त्याची चौकशी करावी.

हे मी का सांगतो? आमच्या भागात कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या आहेत. त्यांत उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र बसवलेले असते. मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले, म्हणजे चौक्याच त्या. एका ठेकेदाराच्या चालकांची मजुरी ‘मार्ग सोडला’ या शेऱ्याखाली कापली गेली. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की, हमरस्ता खोदलेला होता आणि चालकांनी गावातल्या रस्त्याने गाडी काढून माणसे वेळेवर पोचवली होती. यंत्राला एवढेच कळले की चौकी चुकली. का चुकली हे त्याला कळण्याची सोयच नव्हती. आम्ही यंत्र काढा म्हटले नाही. आमचे मागणे एवढेच होते की, कपात करण्याआधी चालकाला विचारा आणि रस्ता बंद असेल त्या दिवशी चौकी हलवा. घरोघरी माल पोचवणाऱ्या मुलांच्या फोनात आज हीच शर्यत चालू आहे. त्यांना घड्याळ दिसते, पंच दिसत नाही. गेममधल्या खेळाडूची फेरी बाद होते, या मुलांची चूल थंड राहते.

आता प्रश्न राहिला नियम कोणी करायचा याचा. ‘मारिओ कार्ट ६४’ च्या खेळाडूंनी काय केले ते पहा. कंपनीने फटी बुजवल्या नाहीत. तेव्हा खेळाडूंनीच आपसांत ठरवून विक्रमांच्या दोन याद्या केल्या. एक आडवाटांसह, दुसरी आडवाटांविना. ज्याला उड्या मारायच्या त्याने पहिल्या यादीत माराव्यात. ज्याला सरळ रस्त्याने हात दाखवायचा त्याने दुसऱ्या यादीत दाखवावा. कोणाची बंदी नाही, कोणाची फसवणूक नाही. आम्ही ज्याला सामुदायिक करार म्हणतो, तो याहून निराळा नसतो.

‘ट्रॅकमेनिया’ हा फ्रान्समधला खेळ २००३ साली निघाला. त्यात खेळाडू स्वतःच मार्ग बांधतात. तिथला दंडक असा की, सगळ्या चौक्या घेतल्या तर मधली वाट कोणतीही धरा. फट राहिली असेल तर दोष मार्ग बांधणाऱ्याचा. आणि दुसरा दंडक त्याहून मोलाचा आहे. ज्याने मार्ग बांधला त्याने तो आधी स्वतः पुरा करून दाखवल्याशिवाय इतरांपुढे ठेवता येत नाही. हे ऐकले तेव्हा मी मनातून टाळी वाजवली. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या पाठीशी उभे राहणारे आणि दिवसाचे उत्पादन ठरवणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या एकाने तरी आधी स्वतः आठ तास त्या यंत्रावर उभे राहून तो आकडा काढून दाखवला असता, तर निम्मे तंटे फाटकापर्यंत आलेच नसते. त्याच खेळात २०२१ साली काही नामांकित खेळाडूंनी खेळाचा वेग गुपचूप मंद करून विक्रम केले होते, हे उघड झाले. उघड केले ते इतर खेळाडूंनीच, बटणांच्या नोंदींची चिकाटीने छाननी करून. ज्यांचा खेळावर जीव असतो, ते त्याचे सर्वांत चांगले राखणदार असतात.

आपल्याकडच्या बैलगाड्यांच्या शर्यतीचीही गोष्ट यात बसते. पुणे जिल्ह्यात घाटावर गाडा एकटा पळतो आणि घड्याळ निकाल देते. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या एकदम सुटतात. दोन्हीकडे रस्त्याची आडवाट फारशी नाही. तिथली आडवाट बैलाच्या अंगावरून जाते: चाबूक, टोचणी, विजेचा झटका. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि झटका व चाबूक यांना मनाई आहे. काही जणांनी आडवाट धरली म्हणून सगळ्यांचा खेळ सात वर्षे बंद राहिला. शर्यत टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनीच शेजारच्या गाडीवानाचा हात धरायला हवा.

आणि मुळशीत उभे राहून एक गोष्ट बोलल्याशिवाय कसे राहू? १६ एप्रिल १९२१ रोजी या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. त्या तंट्याच्या मुळाशी काय होते? जमीन ताब्यात येण्याआधीच कंपनीने शेतात चर खणायला सुरुवात केली होती. काम आधी, कायदा मागाहून. सरकार जमीन संपादनाचा कायदा घेऊन कंपनीच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे बलवानाने आडवाट घेतली आणि पंचांनी तीच शर्यतीचा रस्ता म्हणून जाहीर केली. लहान खेळाडूची उडी रडी ठरते आणि मोठ्याची उडी धोरण ठरते, तिथे नियमावरचा विश्वास उडतो. एकदा तो उडाला की कितीही चौक्या उभारा, उपयोग नाही.

तेव्हा हिंजवडीच्या तरुण मित्रांना माझे सांगणे थोडक्यात असे. खेळाचा असो वा कामाचा, प्रोग्रॅम लिहिताना नियम शर्यतीआधी सांगा, शर्यत चालू असताना बदलू नका. कडेला खडी टाका; मग दंडाची वही जाड करावी लागणार नाही. चौकी कुठे असावी हे ठरवताना त्या रस्त्यावर रोज धावणाऱ्याला विचारा. जो बाद झाला त्याला ‘का’ हे कळू द्या आणि दाद मागायला एक जिवंत माणूस ठेवा. आणि आपण बांधलेला रस्ता आधी आपण पुरा करून पहा.

पालकांनाही एक विनंती आहे. पोर फोनवर शर्यत खेळताना ओरडले की ‘त्याने रडी खाल्ली!’, तर फोन हिसकावून घेण्याआधी त्याला विचारा, नियम काय ठरला होता? कोणी ठरवला? सगळ्यांना सारखा होता का? ज्या पोराला हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली, ते उद्या कोणत्याही कारखान्यात, कोणत्याही कचेरीत गेले तरी मान खाली घालून कोऱ्या कागदावर सही करणार नाही.